मेलेल्या माणसाचा अंगठा

मालुबाई गेल्याचं यल्लाप्पाला कळलं तेव्हा तो बेळगावात होता. हिंडलग्याच्या तुरुंगात चार कैदी पोचवून तो मुख्यालयाच्या आवारात परतला होता आणि हौदावर तोंड धूत होता. हुलगेवाडी ठाण्याचा शिपाई भरमू समोर येऊन उभा राहिला. भरमूच्या पायांत वहाणा नव्हत्या.

"जमादार, घरी चला."

"का रं? साहेबानं बोलावलंय?"

"साहेबानंच धाडलंय मला. वैनी पडल्या."

"पडली? कुठं?"

"वखारीत. तंबाखूच्या गठ्ठ्यांची, बोदांची थप्पी न्हवं का, तिच्यावरनं."

"लई लागलंय व्हय?"

भरमू खाली बघत म्हणाला, "काल दुपारीच गेल्या, जमादार. सकाळी उरकलं समदं."

यल्लाप्पाला आधी मरणाचा अर्थ लागला नाही. 'उरकलं' हा शब्द तेवढा लागला. "काय उरकलं? मला सोडून कुनी उरकलं?"

"साहेब म्हनले, उन्हाळ्याचं दिवस हाईत, ठिवू नका. तुमच्या मेव्हण्यानं अग्नी दिला."

यल्लाप्पानं त्याची गचांडी धरली. आवारातले शिपाई धावत आले आणि त्यांनी दोघांना सोडवलं. भरमूनं एकदाही हात वर केला नाही. बिचाऱ्याचा काय दोष, निरोप्याच तो, असं यल्लाप्पाला मागाहून वाटलं. तसं वाटून घेणं ही त्याची पहिली चूक.

हे साल चोवीस. बेळगावात काँग्रेस भरली ते साल, पण ती भरायला अजून आठ महिने होते. दुपारच्या सर्व्हिस मोटारीनं निपाणीला पोचेस्तोवर दिवस कलला. तिथून बोरगावच्या रस्त्यानं हुलगेवाडीपर्यंत तो चालत गेला. ओढ्याकाठी राखेचा ढीग होता, अजून ऊन होता. बायकोचं तोंड त्याला बघायला मिळालं नाही. चार वर्षांची बेबी शेजारणीच्या कडेवर झोपली होती.

शेजारीण म्हणजे बाळाबाई. मालुबाई आणि ती एकाच वखारीत तंबाखू निवडायला जात. जमादाराच्या बायकोनं वखारीत कशाला जावं, असं पोलीस लाईनीतल्या बायका म्हणायच्या. मालुबाई म्हणायची, "हितं बसून तुमची तोंडं किती बघू? तितं निदान तंबाखू तरी गप असती."

बाळाबाईनं बेबीला खाली निजवलं, दार लोटलं आणि सांगितलं.

"पडली न्हाय ती. कुनी सांगितलं पडली म्हनून?"

वखारीत सुटायच्या वेळी बायकांची झडती व्हायची. कुणी चिमूटभर तंबाखू ओच्यातून नेऊ नये म्हणून. आधी एक म्हातारी झडती घ्यायची. ती गेली आणि मालकानं तिच्या जागी पुरुष उभा केला. लुगड्याला हात लावणारा. दोन दिवस बायकांनी सोसलं, तिसऱ्या दिवशी मालुबाई फाटकात खाली बसली. "झडती बाईनं घ्यावी. न्हायतर आमी हितनं उठत न्हाय." तिच्यामागं चाळीस बायका बसल्या. मालकानं ठाण्यात माणूस पाठवला. साहेब घोड्यावर आला, मागं सहा शिपाई.

"आमी उठतच हुतो," बाळाबाई म्हणाली. "काठ्या बघून निम्म्या बायका उठल्याबी. ह्या बाईनं आमाला खाली बसवलं. म्हनली, बसा गं, भिऊ नगा, ह्ये आपल्या घरातलं पोलीस हाईत. माझ्या हातचं जेवल्यात ह्ये समदे. माझ्यावर हात उचलायचे न्हाईत."

"मग?"

"मग काय? साहेब म्हनला हटवा. पैली काठी तिलाच बसली, डोसक्यात. भरमूची."

यल्लाप्पा उठला आणि भरमूच्या खोलीकडं गेला. खोलीला कुलूप होतं. भरमूची बदली बेळगावला झाली होती, आजच, आणि निरोप घेऊन गेला तो तिथलाच झाला. एका दिवसात बदली होते हे यल्लाप्पानं चौदा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा बघितलं.

साहेबाचं नाव हरिभाऊ. बेळगावच्या वकिलाचा मुलगा, वय पंचवीस. पोलीस खात्यातल्या बड्या जागांची परीक्षा तेव्हा हिंदी मुलांना नुकती खुली झाली होती, ती तो पास झाला होता. पण साहेब होण्याआधी काही महिने ठाण्यात राहून काम शिकावं लागे, म्हणून त्याला हुलगेवाडीला पाठवलं होतं. लोक त्याला शिकाऊ साहेब म्हणत. ठाण्याचा फौजदार आजारी पडून रजेवर गेला आणि शिकाऊ साहेबच ठाण्याचा धनी झाला. त्याला शिकवायचं काम जमादार यल्लाप्पाकडं.

यल्लाप्पानं मन लावून शिकवलं. चोर कुठल्या वाटेनं जातो, खोटं बोलणारा माणूस पाण्याचा तांब्या कसा धरतो, पाटलाला कधी खुर्ची द्यायची आणि कधी नाही. हरिभाऊ हुशार होता, एकदा सांगितलेलं विसरत नसे. मालुबाईच्या हातची भाकरी त्याला आवडायची. "वहिनी, हा झुणका बेळगावात मिळत नाही," असं म्हणायचा आणि ती हसायची.

आणि यल्लाप्पानं त्याला कोरे कागद शिकवले.

पोलिसांना पंचनाम्यासाठी पंच लागतात. चोरी असो, मुडदा असो, दोन-तीन माणसं समोर उभी करायची, त्यांच्यादेखत लिहायचं आणि खाली त्यांचे अंगठे घ्यायचे. खेड्यातला माणूस पंच व्हायला टाळाटाळ करतो. हातातली पेरणीची पाभर सोडून दिवसभर पोलिसांमागं उपाशी हिंडायचं कुणी? पोलीस दिसला की माणसं उसात शिरत. यल्लाप्पाला त्यांची कीव यायची. मग त्यानं आपली एक रीत काढली. बाजारच्या दिवशी ठरलेल्या चार माणसांना ठाण्यात चहा पाजायचा आणि आठ-दहा कोऱ्या कागदांच्या तळाशी त्यांचे अंगठे घेऊन ठेवायचे. अंगठ्याशेजारी नाव तो स्वतः लिहायचा. वेळ आली की वरचा मजकूर लिहायचा. माणसांचा दिवस वाचला, सरकारचं कामही झालं. जे घडलं तेच मी लिहितो, मग अंगठा आधी घेतला काय आणि मागनं घेतला काय, असं त्याचं म्हणणं. लोक त्याला दुवा द्यायचे. तो स्वतःला मोठा दयाळू समजायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ठाण्यात गेला. हरिभाऊ टेबलामागं बसला होता. रात्रभर झोपला नसावा. त्यानं यल्लाप्पाला खुर्ची दाखवली. आजवर कधी दाखवली नव्हती.

"बस, यल्लाप्पा. फार वाईट झालं."

"बसत न्हाय. कुनी मारलं?"

"मी मारा म्हणालो नाही. हटवा म्हणालो."

"हटवा म्हनल्यावर काठी काय करती, तेवढं शिकवायचं ऱ्हाऊन गेलं माझं."

हरिभाऊच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं पाणी होतं. यल्लाप्पाला त्याचाच राग सगळ्यांत जास्त आला. हा रडणार आणि मी ह्याला समजावणार की काय?

"कागद दावा," तो म्हणाला.

कागद हरिभाऊच्या अक्षरात होता. अक्षर वळणदार. सदर बाई तंबाखूच्या बोदांच्या थप्पीवर चढली असता पाय घसरून खाली पडून डोक्यास मार लागून मयत झाली, संशय काही नाही, वखार बंद असल्याने पंचांशिवाय अन्य कोणी हजर नव्हते. खाली तीन अंगठे. अंगठ्यांशेजारची नावं यल्लाप्पाच्या हातची. आपल्याच कपाटातला, आपल्याच हातचा कागद. पहिली दोन नावं त्यानं वाचली. तिसरं वाचलं आणि तो थांबला.

तिसरा अंगठा शामू परटाचा होता.

"शामू पंच व्हता व्हय?" त्यानं विचारलं.

"होता ना. अंगठा आहे त्याचा."

"साहेब, शामू शिमग्याच्या आधी मेला. बारा-तेरा दिवस तापानं फणफणला आनि गेला. मी खांदा दिलाय त्याला."

हरिभाऊचा चेहरा उतरला. त्याला माहीत नव्हतं. त्यानं कपाटातला वरचा कागद उचलला होता, एवढंच. मग उठून त्यानं दार लावलं, आणि परत येऊन बसला तेव्हा त्याचे डोळे कोरडे होते. शिकाऊ साहेबाचा खरा साहेब झाला तो त्या दारापासून खुर्चीपर्यंतच्या पाच पावलांत, असं यल्लाप्पा पुढं म्हणायचा.

"अंगठे कोणी घेतले, यल्लाप्पा?"

"मी."

"नावं कोणी लिहिली?"

"मीच."

"मग नीट ऐक. हे बाहेर गेलं तर मला ताकीद मिळेल. फार तर वर्षभर बढती थांबेल. मी वरच्या वर्गातला अंमलदार आहे. तू मात्र सरकारी कागद खोटा केलास, तोही पहिल्यांदा नव्हे. कपाटात अजून किती आहेत असले? तुला तीन वर्षं लागतील. मुलगी केवढी आहे तुझी?"

"चार वर्साची."

"तिला कोण बघेल?"

यल्लाप्पानं टोपी उचलली आणि तो बाहेर आला. झालं ते एवढंच. पुढची तेवीस वर्षं तो ह्या एवढ्यावर गप्प राहिला. मयतीच्या वहीत पाटलानं कागदावरून नोंद केली, 'थप्पीवरून पडून'. बाळाबाईनं त्याला पुष्कळ शिव्या दिल्या. "बायकूची राख केलीस आनि त्येंच्याच दारात पट्टा बांधून हुबा ऱ्हातोस? थू तुझ्या जिनगानीवर!" तो ऐकून घ्यायचा. बेबीचं तोंड पुढं करायचा.

हरिभाऊ मात्र चढत गेला. सोलापूरला गेला, तिथून कराचीला. मुंबईत त्यानं कुठलीशी मोठी टोळी पकडली, वर्तमानपत्रात फोटो आला. पोलीस लाईनीत तो फोटो हातोहात फिरला, कारण साहेब आपल्या बेळगावचा. "जमादार, तुमी शिकवलेला न्हवं का?" पोरं विचारायची. यल्लाप्पा म्हणायचा, "व्हय, मीच." रावबहादूर झाला. मग नाशिकच्या पोलीस शाळेत नव्या लोकांना धडे द्यायला लागला आणि त्यानं एक छोटं पुस्तक लिहिलं, पंचनामा कसा करावा ह्यावर. ते सगळ्या ठाण्यांना वाटलं. यल्लाप्पालाही मिळालं. दुसऱ्याच पानावर होतं: पंच प्रत्यक्ष हजर असलाच पाहिजे, कोऱ्या कागदावर अंगठा घेणे हा गुन्हा आहे, असे करणारा अंमलदार खात्यास कलंक होय.

यल्लाप्पानं ते पुस्तक चुलीत घातलं. त्या दिवशी त्याच्यावर पाणी उकळून तो आंघोळ करून आला. पुस्तक हरवलं म्हणून त्याला ताकीद मिळाली, तीही त्यानं घेतली.

बेबी मोठी झाली, जांबोटीला दिली. भाताचा मुलूख, पावसाचा. सत्तेचाळीस साली, स्वातंत्र्य झाल्यावर पंधरा दिवसांनी, पेन्शनीत निघालेला यल्लाप्पा लेकीकडं गेला होता. जावयानं खानापुराहून आणलेलं वर्तमानपत्र यल्लाप्पा वाचून दाखवत होता. त्यात बातमी होती: बेळगावचे सुपुत्र हरिभाऊ ह्यांना मुंबईस बोलावून नव्या सरकारानं साऱ्या इलाख्याच्या पोलिसांचे मुख्य नेमलं. पुढल्या महिन्यात बेळगावात सत्कार.

"आप्पा, तुमच्या हाताखाली शिकला न्हवं का ह्यो?" बेबी कौतुकानं म्हणाली. "जावा की सत्काराला."

यल्लाप्पाला काय झालं कोण जाणे. त्यानं पेपर खाली ठेवला आणि लेकीला सगळं सांगितलं. भरमूची काठी, कोरा कागद, शामूचा अंगठा. बेबी भात पाखडत होती, तिचं सूप थांबलं.

"म्हंजे आई पडली न्हवती."

"न्हाय."

"मी दर साली तिच्या पित्राला सांगत्ये पोरास्नी, आजी थप्पीवरनं पडली, तुमी माळ्यावर चढू नगा."

"बेबी, तुझ्यापायी गप बसलो गं मी. तू चार वर्साची..."

"माझ्यापायी म्हनू नगा!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की गोठ्यातलं जनावर उठून उभं राहिलं. "मी काय मागितलं न्हवतं तुमच्याकडं. माझ्या लग्नालाबी आता धा वर्सं झाली. ह्या धा वर्सांत कुनापायी गप हुता?"

दुसऱ्या दिवशी पहाटे भर पावसात तो चालत खानापूरला निघाला.

हुलगेवाडीला जाऊन त्यानं पाटलाकडून मयतीच्या वहीचे दोन उतारे घेतले. एक शामू परटाचा, मार्चच्या अकरा तारखेचा. एक मालुबाईचा, एप्रिलच्या दोन तारखेचा. पंचनाम्याची नक्कल त्यानं चोवीस सालीच गुपचूप उतरून ठेवली होती. तिन्ही कागद घेऊन तो सत्काराच्या दिवशी बेळगावात गेला.

शाळेचं मोठं दालन माणसांनी भरलं होतं. वकील, मास्तर, व्यापारी. हरिभाऊ खादीचा कोट घालून बसला होता, केस पांढरे झाले होते. भाषणात तो म्हणाला की पोलीस आता राजाचा नाही, जनतेचा नोकर आहे. टाळ्या पडल्या. मग लोक हार घालायला रांगेत उभे राहिले. यल्लाप्पाही राहिला. त्याच्या हातात हार नव्हता.

"अरे, यल्लाप्पा!" हरिभाऊनं त्याला लगेच ओळखलं आणि शेजारच्या मंडळींना सांगितलं, "हे माझे पहिले गुरू. ठाण्यातलं काम मी ह्यांच्याकडून शिकलो." लोकांनी यल्लाप्पाकडं आदरानं बघितलं.

"काय शिकलासा त्येबी सांगा," यल्लाप्पा म्हणाला आणि त्यानं कागद पुढं केले. "मालुबाईची नोंद दुरुस्त करा. पोलिसाच्या काठीनं मेली म्हनून लिवा. मला धरायचं तर धरा. मी कबूल हाय."

हरिभाऊनं कागद वाचले. वाचताना त्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, कारण लोक बघत होते. तो हळू आवाजात म्हणाला, "यल्लाप्पा, आज कसला दिवस आहे? देश आपला झालाय. जुनं उकरून काय मिळणार?"

"तिचं मरान मिळंल."

"मी विसरलेलो नाही तिला. तिच्या हातची भाकरी..."

"भाकरीचं नाव काढू नगंस, हरिभाऊ!"

इलाख्याच्या पोलीस मुख्याला एक म्हातारा जमादार एकेरीत बोलला होता. दोन शिपायांनी यल्लाप्पाचे दंड धरले. "तुझ्या म्होरं ह्या इलाख्यातला समदा पोलीस आता पाय जुळवून हुबा ऱ्हाईल," यल्लाप्पा ओरडत होता, "आनि त्येंच्या म्होरं कुठल्याबी फाटकात कुनाची तरी बायकू बसंल. हटवा म्हनून सांगशील न्हवं? शिकवलंय मीच!"

"सोडा त्यांना," हरिभाऊ म्हणाला. "वय झालंय. घरी पोचवा." तिन्ही कागद त्यानं आपल्या कारकुनाकडं दिले आणि पुढचा हार घ्यायला मान वाकवली.

कागदांचं पुढं काही कळलं नाही. यल्लाप्पानं महिनाभर वाट बघितली, मग पाटलाकडून पुन्हा उतारे घेतले आणि हुलगेवाडीच्या ठाण्यात जाऊन नव्या फौजदारासमोर उभा राहिला. फौजदार तिशीचा होता, भला माणूस. त्यानं बसायला दिलं.

"काय काम काढलंत, जमादार?"

"मला अटक करा."

"कशात?"

"सरकारी कागद खोटा केला. ह्ये घ्या, लिवून आणलंय."

फौजदारानं सगळं वाचलं, दोनदा वाचलं. "चोवीस साल? जमादार, तो पंचनामाच आता नाही. असले कागद पंधरा वर्षांनी जाळतात, तुम्हाला ठाऊक आहे. मूळ कागद नाही तर खोटा काय सिद्ध करू?"

"मयतीची वही हाय की. तिच्यात शामू आधी मेलाय, आनि मालुबाईच्या नावाम्होरं खोटं लिवलंय."

"वहीत फरक करायचा तर पाटलाला पंचनामा लागतो."

"त्यो जाळला म्हनतासा."

"हो."

"मग बाळाबाईचा जबाब घ्या. डोळ्यांनी बघितलंय तिनं."

"आहेत का त्या?"

"गेल्या साली वारली. बाकीच्या बायका वखारवाल्याच्या भ्यानं बोलायच्या न्हाईत." बावीस वर्षं बाळाबाई दहा पावलांवर राहत होती आणि रोज शिव्या देत होती. "मग भरमूला विचारा."

"भरमू हवालदार मुंबईला होते, तिथंच वारले म्हणतात." फौजदारानं कागद घडी करून त्याच्यापुढं सरकवले. "गुन्हेगार तुम्ही, फिर्यादी तुम्ही, पंच मेलेला. साहेबांचं नाव मी कुठल्या तोंडानं लिहू? माझी बदली होईल, कुठं तरी लांब."

"व्हऊ दे की. माझी बायकू मेलीया."

"माझी जिवंत आहे, जमादार," फौजदार म्हणाला, आणि मान खाली घातली.

यल्लाप्पा अर्ज टेबलावरच ठेवून उठला. फौजदारानं तो परत दिला नाही आणि आवकीच्या वहीतही चढवला नाही. पुढल्या सोमवारी यल्लाप्पा पुन्हा गेला, त्याच्या पुढच्या सोमवारीही. आता तो चौकटीपाशी दिसला की शिपाई आत जाऊन सांगतात आणि फौजदार मागच्या दारानं गस्तीला जातो.

हुलगेवाडीच्या मयतीच्या वहीत मालुबाईच्या नावापुढं अजून 'थप्पीवरून पडून' असंच लिहिलेलं आहे. ते खोडून खरं लिहायचं राहिलं आहे.